चौथ्या भेटीला तुम्ही नव्हतात

काका,

तुम्ही गेल्यापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी मनातल्या मनात कुठल्या तरी वर्गात टाकतो आहे. ही तुमची खोड. मला नको होती, पण वारसाहक्काने आली. बिबवेवाडीचा फ्लॅट काकूला, खोड मला. समोरच्या सोफ्यावर कोणी बसून "फार वाईट झालं हो" म्हणालं, की माझ्या डोक्यात तुमचा आवाज सुरू होतो: नंदू, विचार त्यांना, गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केलंत का? पगारासाठी किंवा नफ्यासाठी? तुमचे कर्वेनगरचे साडू सलग तीन दिवस सकाळी दहाला आले आणि दुपारचा चहा घेऊनच उठले. त्यांना मी "काम नाही, शोधत नाही, उपलब्ध नाही" असं टाकलं. तुम्ही असतात तर माझी चूक काढली असतीत. "उपलब्ध आहेत रे. चहाला."

वर्तमानपत्रात चार ओळी दिल्या. त्यात "जनगणना खात्यातून निवृत्त" असं छापून आलं आहे. छापखान्याला शिव्या देऊ नका, फोनवर मजकूर मीच सांगितला. जन्मभर तुम्ही आम्हाला बजावत आलात की जनगणनावाले माणसं मोजतात, आम्ही माणसांचं काम मोजतो, पाहणी वेगळी आणि गणना वेगळी. आणि पुतण्याने शेवटच्या चार ओळींत तुमची बदली करून टाकली. काकूने ते वाचलं आणि म्हणाली, "बरं झालं ते वाचायला नाहीत. पुन्हा गेले असते."

तुम्ही कोण होतात हे मी कुणाला नीट सांगू शकलो नाही, हे मात्र खरं आहे. शाळेत असताना मित्रांना वाटायचं माझा काका हेर आहे. तुम्ही अनोळखी घरांची दारं वाजवायचात, घरात कोण काय करतं, किती तास करतं ते विचारायचात आणि सगळं लिहून सरकारला द्यायचात. खडकीला एकदा दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या एका कामगाराने तुम्हाला पाऊण तास दारात उभं केलं होतं. तुम्ही विचारलं, "कारखान्यात नक्की काय करता?" तो म्हणाला, "ते सांगायची परवानगी नाही." "बरं, तास किती?" "तेही नाही." मग तुम्ही पाणी मागितलं. त्याची बायको पाणी घेऊन बाहेर आली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून गेली: सकाळी सातला जातात, पाचला येतात, आल्यावर कंबर दुखते म्हणतात. देशाची सगळी गुपितं सुरक्षित राहिली आणि तुमचे रकानेही भरले.

पाण्याची ती युक्ती तुमचीच. निवृत्तीनंतर नव्या मुलामुलींना शिकवायला जायचात तेव्हा पहिल्या तासाला हेच सांगायचात. घरातल्या पुरुषाला विचारलंत की बायको काय करते, तर तो म्हणणार, काही नाही, घरीच असते. त्याच्या पाठीमागून ती बाई गवताचा भारा घेऊन जात असली तरी तो हेच म्हणणार. त्याच्यावर रागवू नका, वादही घालू नका. पाणी मागा. पाणी घेऊन ती बाहेर आली की तिला विचारा. बाईच्या कामाबद्दल नवऱ्याचं उत्तर लिहून आणलंत तर मी ते कागद परत पाठवीन. तुम्ही खरंच परत पाठवायचात. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी पोरांनी तुमच्यामुळे घोटघोट पाणी पीत दुपारी काढल्या असतील.

आणि घरी तुम्ही जिनिव्हा. आमच्या घरात लहान मुलांना जिनिव्हा हे शहर आहे हे फार उशिरा कळलं. आम्हाला वाटायचं ते तुमच्या साहेबाचं नाव आहे. "जिनिव्हा असं म्हणत नाही." "जिनिव्हाने ते बदललंय." साऱ्या जगाने काम कशाला म्हणायचं, रोजगार कशाला, बेरोजगार कोणाला, याचे ठराव तिथे होतात आणि आपला देश ते कुठे पाळतो, कुठे पाळत नाही, हे तुम्ही पंगतीत सांगायचात, आमटी वाढायच्या आधी. काकूने एकदाच नीट ऐकून घेतलं होतं.

"म्हणजे गॅलरीत मेथी लावली तर मी कामाची, आणि तीच निवडून भाजी केली तर बिनकामाची?"

"आपल्या देशात साधारण तसंच धरतात. पण जिनिव्हाच्या नव्या ठरावाप्रमाणे घरापुरती पिकवलेली मेथीसुद्धा रोजगारात येत नाही."

"आणि स्वयंपाक?"

"तो काम आहे. नव्या ठरावाने स्पष्ट मान्य केलंय. काम आहे, फक्त रोजगार नाही."

"मान्य केलंय का? मग कळवा त्यांना, आज वांगी आहेत. भरून करू की फोडी?"

तुम्ही त्यावरही रागावला नाहीत. तुम्हाला राग यायचा तो एकाच गोष्टीचा. नियम मोडल्याचा नाही, मोडून गप्प बसल्याचा. तुम्ही सांगायचात, आकडा दिला की त्याच्याबरोबर देशाने लेखी सांगावं लागतं: जगाची व्याख्या अशी, आम्ही इथे वेगळे वागतो, त्याचं कारण हे. "वेगळं वागायला हरकत नाही नंदू, प्रत्येकाचं घर वेगळं असतं. पण सांगायचं. न सांगता वेगळं वागतो तो लबाड."

माझ्यावरही तुम्ही जिनिव्हा चालवलंत, ते आठवतं ना? कंपनीने मला "स्वेच्छेने" निवृत्त केलं, त्या स्वेच्छेची बातमी मलाही दोन दिवस आधीच कळली होती. मी तोंड पाडून तुमच्याकडे आलो. कोणीतरी पाठीवर हात ठेवावा एवढीच अपेक्षा होती.

"गेल्या सात दिवसांत काम केलंस?"

"नाही, काका."

"शोधलंस?"

"मन होत नाही."

"उद्या कोणी दिलं तर जाशील?"

"बघू."

"मग तू बेरोजगार नाहीस," तुम्ही म्हणालात. मला क्षणभर बरं वाटलं. "तू श्रमशक्तीच्या बाहेर आहेस. बेरोजगार म्हणवून घ्यायलासुद्धा हातपाय हलवावे लागतात."

हा किस्सा मी लग्नामुंजींत सांगून भरपूर हशा मिळवला आहे. एक मात्र कधी सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. घरी येऊन मी त्याच आठवड्यात दोन ठिकाणी अर्ज पाठवले आणि रीतसर बेरोजगार झालो. बायको म्हणाली, "प्रगती आहे." पुढे काम मिळालं, आता क्रमिक पुस्तकांची मुद्रितं तपासतो. पण त्या दिवशी तुम्ही पाठीवर हात ठेवला असतात तर मी अजून तुमच्या सोफ्यावर असतो. साडूंच्या शेजारी.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्याबद्दल आपण दोघं गेले तीन महिने जिन्यात उभं राहून कुजबुजत होतो.

तुमच्याच खात्याच्या रोजगार पाहणीच्या यादीत तुमचीच इमारत आली आणि इमारतीतून तुमचंच घर निघालं. चार महिने, दर महिन्याला एकदा, असा चार भेटींचा फेरा. तुम्हाला आमदारकी मिळाल्यासारखा आनंद झाला. आयुष्यभर दुसऱ्यांची दारं वाजवली, आता कोणीतरी आपलं वाजवणार! तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलात. मला मुद्दाम बोलावून घेतलंत, बघायला. सायली नावाची ती मुलगी हातात टॅब घेऊन आली. बिचारी अमरावतीकडची, पुण्यात नवी. तुम्ही बसायच्या आधीच तिला सांगितलंत की आपण याच खात्यातले. झालं, त्या क्षणापासून ती प्रश्न विचारत नव्हती, तोंडी परीक्षा देत होती.

"घरात किती जण, काका?"

"दोन. आधी पत्ता पडताळून घे. मग कुटुंबप्रमुख. क्रम चुकवू नकोस."

तुमचं नाव झालं, वय झालं, निवृत्तिवेतन झालं. आतल्या खोलीत काकूचं मशीन चालू होतं. गेली बत्तीस वर्षं चालू असतं ते. बिबवेवाडीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आणि साड्यांचे पिको-फॉल त्या खोलीतून गेले आहेत. आणि सायलीने विचारलं, "आणि काकू काय करतात?"

तुम्ही म्हणालात, "ती घरीच असते. घरकाम."

मशीन थांबलं.

काका, मी तिथे होतो. मला वाटलं तुम्ही हसाल, परीक्षा घेत होतो म्हणाल, तिला पाण्याची युक्ती शिकवाल. पण तुमचं लक्ष टॅबवर होतं, पुढचा रकाना ती बरोबर उघडते आहे की नाही त्याकडे. सायलीने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. पण तुमच्यासमोर ती काय बोलणार! आणि मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. कोणी मागितलं नसताना काकू पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. तुमच्या धड्यातला प्रसंग, तुमच्या घरात, तुमच्यासमोर. तुम्ही पेला घेतलात, सायलीला दिलात आणि म्हणालात, "पी. ऊन फार आहे."

मुलगी गेल्यावर काकू दाराशी उभी राहिली. "किती वर्षं घरी असते मी?"

"अगं, ते तोंडातून..."

"नाही, विचारतेय. तुमच्याकडे आकडे असतात."

त्यानंतरचा महिना मी जवळून पाहिला. भांडण असतं तर बरं, काकूने भांडण केलंच नाही. तुम्ही चहा मागितलात की, "मी काही करत नाही हो. आयता कुठून येणार?" गिऱ्हाईक आलं की तुम्हाला ऐकू जाईल अशा बेताने, "देते गुरुवारपर्यंत. घरीच असते, वेळच वेळ आहे." तुम्ही वर्तमानपत्र वर धरायचात. शेवटी तुम्ही तुमच्या पद्धतीने माफी मागितलीत: शुद्धिपत्र लिहिलंत. पाहणी कार्यालयास उद्देशून, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. "उत्तरदात्याने अनवधानाने आपल्या पत्नीच्या कार्यस्थितीविषयी विपर्यस्त माहिती दिली असून..." ते काकूला वाचायला दिलंत. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"ही उत्तरदात्याची पत्नी म्हणजे मी का?"

"हो."

"नाव नाही का तिला?"

शुद्धिपत्र पोस्टात पडलं नाही.

दुसऱ्या भेटीला तुम्ही स्वतःहून गॅलरीत जाऊन बसलात. बाईला मोकळेपणाने बोलता यावं म्हणून पुरुषांनी दूर जावं, हाही तुमचाच धडा. काकूने हात पुसत सायलीसमोर खुर्ची ओढली आणि मोठ्याने सांगितलं, "मागच्या महिन्यात साहेबांनी सांगितलंय ना, तेच लिही. घरीच असते. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे." सायली माझ्याकडे बघायला लागली. मी पंख्याकडे बघायला लागलो. गॅलरीतून तुमचं खोकणं ऐकू आलं.

त्या दिवशी जिन्यात तुम्ही माझा दंड धरलात. "तुला कळत नाही नंदू. एक घर निवडतात ना, ते नुसतं एक घर नसतं. ते कितीतरी न निवडलेल्या घरांच्या वतीने बोलतं. तुझ्या काकूमागे, एका सुमनमागे, सुमनांची रांग उभी असते. मी तोंड उघडलं आणि सगळ्यांना एका झटक्यात घरी बसवलं."

"मग तिला सॉरी म्हणा ना, काका."

"ते म्हणायचं आहेच. पण आधी आकडा दुरुस्त व्हायला पाहिजे."

हे तुमचं नेहमीचं. आधी आकडा.

मी काकूला एकटीला गाठून विचारलं, की काकू, एवढं काय धरून बसलीस, सांगून टाक त्या मुलीला. ती ब्लाउजचा गळा कापत होती. कात्री न थांबवता म्हणाली, "मुलीने विचारण्यात काय आहे? तिचं कामच आहे ते. ह्यांनी विचारायला हवं होतं. जगाच्या बायकांना दारोदार जाऊन विचारत फिरले. मला एकदा तरी विचारलंय का, सुमन, तू दिवसभर काय करतेस?" हे मी तुम्हाला सांगितलं नाही. नवराबायकोत पडू नये, असा माझा नियम आहे. खरं म्हणजे मला तुमची भीती वाटली.

तिसऱ्या भेटीला तुमचा धीर सुटला. सायलीने टॅब उघडायच्या आत तुम्ही सुरू झालात, "हे बघ, ही स्वयंरोजगारित आहे, वस्त्रोद्योग, शिवणकाम, घरातूनच, आठवड्याला तास..." आणि त्या पोरीने, तुमच्या शिष्याच्या शिष्येने, दोन महिन्यांत पुणेरी झालेल्या आवाजात म्हटलं, "काका, आपण थांबता का? त्यांचं त्यांना सांगू दे. नवऱ्याचं उत्तर आम्हाला चालत नाही."

काकू हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तुम्ही आधी ओशाळलात, मग तुम्हालाही हसू आलं, मग सायलीला. वाटलं, सुटलं आता. पण पदराने डोळे पुसून काकू म्हणाली, "आज जुनंच लिही, बाळ. पुढच्या महिन्यात सांगते. विचार करून."

"पुढची शेवटची भेट आहे, काकू."

"माहीत आहे."

त्या पुढच्या महिन्याची वाट तुम्ही कशी पाहिलीत! मला फोन करून तारखेचा अंदाज सांगायचात. मध्येच आपला जुना वाद निघायचा. मी म्हणायचो, आठवड्यात एक तास काम केलं की माणूस रोजगारात, ही शुद्ध थट्टा आहे, एका तासात कोणाचं पोट भरतं? तुम्ही म्हणायचात, पोटाचे प्रश्न वेगळे विचारतात: तास किती, मिळकत किती, आणखी काम हवंय का. हे जाळं आहे, आणि जाळं बारीक असावं लागतं, नाहीतर लहान मासा निसटतो. मी म्हणायचो, मग माशाला मासा म्हणा, देवमासा म्हणून दाखवू नका. शेवटच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "तुझा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. रविवारी ये, त्यावर एक उत्तर आहे माझ्याकडे." तुम्ही शुक्रवारी गेलात. वादात मी जिंकत आलो होतो तो हा एकमेव प्रसंग, आणि तुम्ही मैदान सोडून गेलात. उत्तर काय होतं ते रोज शोधतो. सापडत नाही. तुमच्या बाजूने दोन उत्तरं तयार केली, दोन्ही मीच खोडली.

चौदाव्या दिवशी, म्हणजे परवा, सकाळी बेल वाजली. सायली होती. तिला काही माहीत नव्हतं. तुमचा हार घातलेला फोटो तिने दारातूनच पाहिला आणि टॅब पाठीमागे लपवला. "मी नंतर येते," म्हणाली. "नाही तर... नाही आले तरी चालेल. घर बंद होतं असं लिहिते."

"खोटं लिहू नकोस," काकू म्हणाली. "आत ये."

घरात किती जण, हा पहिला प्रश्न. काकू "दोन" म्हणायला गेली. ओठ तसे झालेले मी पाहिले. मग म्हणाली, "एक." कुटुंबप्रमुख? "मीच म्हणायचं आता." सायलीने खाली मान घालून भरलं. मग तो प्रश्न आला, गेल्या सात दिवसांत काही काम केलंत का, पगारासाठी, नफ्यासाठी, किमान एक तास.

"नाही," काकू म्हणाली. "मशीनला हात लावला नाही."

सायलीचं बोट टॅबवर गेलं. काका, तिन्ही वेळा खोटं गेलं आणि चौथ्यांदा खरं बोलून काकू पुन्हा घरीच बसणार! आणि तेव्हा मला तुमचा एक जुना धडा आठवला: काम आहे पण आजारपणाने, सुतकाने, सुट्टीने आठवडाभर केलं नाही, तर तो माणूस कामातलाच धरायचा. जिनिव्हा तसं म्हणतं आणि आपला देशही तसंच म्हणतो, दोघांचं एकमत असलेली जागा. मी खुर्चीतून जवळजवळ उठलोच. "अहो मॅडम, थांबा! तिचं काम आहे, ती तात्पुरती गैरहजर आहे, ती म्हणजे..."

"नंदू," काकू म्हणाली. "तू कोण?"

मी बसलो. आपल्या घराण्यातल्या पुरुषांना हा रोगच आहे, काका.

काकूने पदर सावरला आणि सायलीकडे सरळ बघून सांगितलं. "माझं काम आहे. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. बत्तीस वर्षं. रोज सहा-सात तास, लग्नसराईत दहा. गेल्या आठवड्यात केलं नाही, घरातलं माणूस गेलं म्हणून. येत्या सोमवारी पुन्हा बसणार आहे. नऊ ब्लाउज द्यायचे राहिलेत, बायका लाजेने विचारत नाहीत. हे सगळं बसेल का तुझ्या रकान्यात?"

"बसेल," सायली म्हणाली.

"मग लिही. मी सांगितलं म्हणून लिही."

सायलीने लिहिलं. मग तिने तिच्या यादीतला पुढचा प्रश्न विचारला, सहज, पाठ असल्यासारखा. "या कामात घरातलं कोणी मदतीला आहे का? बिनपगारी?"

काकूने आतल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "होते. पंधरा दिवस."

हे मला माहीत नव्हतं, काका. मला तुम्ही कळू दिलं नाहीत. तिसऱ्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही म्हणे तिच्या खोलीत स्टूल घेऊन गेलात, वही नव्हती, पेन नव्हतं, आणि म्हणालात, "सुमन, तू दिवसभर काय करतेस ते सांग. सगळं सांग." तिने सांगितलं. दीड तास सांगितलं. ऐकून झाल्यावर तुम्ही विचारलंत, यातलं मला काय जमेल? आणि त्या दिवसापासून रोज दुपारी दार लोटून तुम्ही ब्लाउजना हूक लावत बसायचात. मी फोन केला की "जरा वाचतोय" म्हणायचात.

"रोज किती वेळ?" सायलीने विचारलं.

"दोन तास. एक तास लावायचे, एक तास उसवायचे. उलटे लागायचे ना."

सायली हसली आणि लगेच टॅबकडे वळली. "काकू, त्यांची ओळ आता यादीत नाहीये. गेलेल्यांचं भरता येत नाही."

"असू दे. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

तर काका, आकडा दुरुस्त झाला. चौथ्या भेटीला का होईना, सुमन आणि तिच्यामागची रांग कामावर लागली. तुम्हाला हे कळायला हवं होतं, म्हणून हे लिहायला बसलो. आणखी एक आहे. ते तुम्हाला अजिबात सांगू नकोस असं काकूने बजावलं आहे, पण वेगळं वागून गप्प बसणारा लबाड, हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही लावलेले हूक ती पुन्हा लावायची. सगळे. तुम्ही रात्री आडवे झालात की हळूच. गिऱ्हाइकांना कसे देणार तसे? तुम्ही सकाळी उठून, शिवून तयार ठेवलेल्या ब्लाउजांकडे बघायचात आणि खूश व्हायचात, तेव्हा ती पाठ फिरवून इस्त्री करायची.

एका ब्लाउजचे मात्र तिने बदलले नाहीत. परवा सायली गेल्यावर कपाटातून काढून दाखवला. मोरपंखी रंगाचा, वरचे दोन हूक उलटे, तिसरा तिरका. मी म्हटलं, "काकू, हा कोणाचा राहिला? देऊन येऊ का?"

"माझा आहे," ती म्हणाली. "त्यांनी शेवटी लावलेला. घरच्यासाठी शिवलेला आहे, कुठल्या रकान्यात बसत नाही. ठेव तिथेच."